भाव खरा, उत्तर तपासून घ्या: झिरोधाच्या काइट एमसीपीचं परीक्षण

झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२५ मध्ये आपल्या काइट या ट्रेडिंग ॲपसाठी काइट एमसीपी ही मोफत सोय सुरू केली. क्लॉडसारख्या एआय सहायकाला ती जोडली की तो तुमच्या खात्यातले शेअर, पोझिशन (आजचे आणि चालू सौदे), मार्जिन (सौद्यांसाठी उपलब्ध रक्कम), म्युच्युअल फंड आणि बाजारातले चालू भाव स्वतः वाचतो. स्क्रीनशॉट टाकणं नाही, एक्सेलमध्ये आकडे चिकटवणं नाही. ज्यांचं खातं झिरोधात आहे आणि जे आधीपासून एखादा सहायक वापरतात, त्यांनी ही जोडणी नक्की करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ती कशासाठी वापरायची हे आधी ठरवायला हवं. खात्याची नोंदवही वाचून दाखवायला ती उत्तम आहे. कोणता शेअर घ्यायचा हे ठरवायला नाही. आणि उत्तरातला कुठला आकडा काइटवरून आला आणि कुठला सहायकाच्या जुन्या माहितीतून, हे ओळखता आलं नाही तर याच सोयीने नुकसानही होऊ शकतं.

नाशिकच्या गुंतवणूकदाराला हे जास्त लागू पडतं, कारण इथल्या बऱ्याच डिमॅट खात्यांत घराजवळच्या कंपन्या असतात: ओझरचं एचएएल, सातपूरचे बॉश, सीएट, महिंद्रा आणि एबीबी, अंबडची सीमेन्स, गंगापूर धरणाजवळची सुला. या कंपन्यांची माहिती कानावर पडत असते, कारखान्यात कोण ना कोण ओळखीचं असतं. त्यामुळे सहायकाने काही आत्मविश्वासाने सांगितलं की ते पटकन खरं वाटतं. म्हणून खालची उदाहरणं मुद्दाम याच शेअरची घेतली आहेत.

आत काय चालतं ते थोडक्यात. एमसीपी ही एआय सहायकाला बाहेरच्या सेवांशी जोडण्याची खुली पद्धत आहे. अँथ्रोपिकने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तुम्ही प्रश्न विचारला की सहायक ठरवतो की यासाठी कोणतं साधन लागेल. होल्डिंग (खात्यात जमा असलेले शेअर) वाचायचं एक साधन, शेवटचा भाव आणायचं एक, जुने भाव आणायचं एक, शेअरचं चिन्ह शोधायचं एक, अशी ती वेगवेगळी असतात. सहायक साधनाला हाक मारतो, झिरोधाचा सर्व्हर काइटकडून आकडे आणून देतो आणि सहायक त्यावरून उत्तर लिहितो. म्हणजे आकडे आणणारा एक आणि वाक्य लिहिणारा दुसरा. पहिला सहसा चुकत नाही. गडबड होते ती दुसऱ्याकडे.

जोडणी

सोपा रस्ता आधी. क्लॉडच्या सेटिंगमध्ये कनेक्टर्स हा भाग आहे. तिथे कस्टम कनेक्टर जोडा आणि पत्ता द्या: एचटीटीपीएस नंतर एमसीपी डॉट काइट डॉट ट्रेड, मग तिरकी रेघ आणि पुन्हा एमसीपी. शेवटचं एमसीपी राहिलं की जोडणी होत नाही, आणि नेमकं तेच राहतं. मग नव्या गप्पेत 'काइटमध्ये लॉगिन करून दे' असं लिहा. सहायक एक दुवा देईल. तो उघडल्यावर झिरोधाचंच नेहमीचं पान येतं. आयडी, पासवर्ड आणि टीओटीपी (मोबाइल ॲपवरचा सतत बदलणारा कोड) तिथे टाकायचा. पासवर्ड गप्पेत कधीही लिहायचा नाही. कुठल्याही सहायकाने तो गप्पेत मागितला तर तिथेच थांबा.

दुसरा रस्ता डेस्कटॉप ॲपच्या कॉन्फिग फाइलचा, म्हणजे सेटिंगच्या फाइलचा. त्यासाठी संगणकावर नोड जेएस या मोफत सॉफ्टवेअरची आवृत्ती १८ किंवा पुढची लागते. फाइलमध्ये एमसीपी सर्व्हर्सच्या खाली काइट नावाची नोंद करायची, कमांड एनपीएक्स ठेवायची आणि तिला एमसीपी-रिमोट आणि वरचा पत्ता असे दोन शब्द द्यायचे. विंडोजवर इथे चार गोष्टी हमखास अडतात. नोटपॅड फाइलला शेवटी टीएक्सटी चिकटवतं आणि एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळे ते दिसत नाही. ॲप ती फाइल वाचतच नाही. शेवटच्या ओळीनंतर एक जादा स्वल्पविराम राहिला की पूर्ण फाइल बाद. एनपीएक्स सापडत नाही अशी तक्रार आली तर कमांड म्हणून सीएमडी द्या आणि पुढे तिरकी-सी, एनपीएक्स असा क्रम लावा. चौथी सगळ्यात साधी: खिडकी बंद केल्याने ॲप बंद होत नाही, ते खाली घड्याळाजवळ चालूच राहतं. तिथून क्विट करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी नोंद दिसणार नाही.

लॉगिन रोज करावं लागतं. काइटचा प्रवेश-टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता परवाना) दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता संपतो, त्यात सवलत नाही. कालची गप्पा आज तशीच पुढे चालवली तर साधन आकडे आणू शकत नाही. चांगला सहायक तसं सांगतो. पण कधी कधी तो वर गप्पेत असलेला कालचाच भाव उचलून 'सध्याचा भाव' म्हणून देतो. दिवसभराच्या गप्पेतही हेच घडू शकतं: सकाळी ९:२० ला आणलेला भाव दुपारी २ वाजता पुन्हा वापरला जातो, कारण आकडा समोरच आहे आणि नव्याने आणायची गरज त्याला वाटत नाही. ओळखायची खूण पडद्यावरच असते. साधनाला हाक मारली की उत्तराच्या वर साधनाच्या नावाची छोटी पट्टी दिसते. पट्टी नसेल तर तो भाव ताजा नाही. उत्तर कितीही छान लिहिलेलं असो, आधी पट्टी बघा.

लाइव्ह म्हणजे किती लाइव्ह

ही भावांची सतत वाहणारी धार नाही. तुम्ही विचारलंत त्या क्षणाचा एक भाव येतो, सहायक त्यावर विचार करतो, लिहितो. उत्तर हातात पडेपर्यंत बाजार पुढे गेलेला असतो. दिवसभराची होल्डिंग बघणाऱ्याला याने फरक पडत नाही. स्काल्पिंग (काही क्षणांत घेऊन लगेच विकणं) करणाऱ्याने मात्र इकडे फिरकू नये. त्याच्यासाठी काइटची वेबसॉकेटची सोय वेगळी आहे, एका जोडणीत ३००० इन्स्ट्रुमेंटपर्यंत (शेअर, ऑप्शन वगैरे) भाव ढकलणारी, आणि तिला सहायकाची गरजच नाही. भाव विचारताना 'शेवटच्या सौद्याची वेळही दे' एवढं जोडायची सवय लावा. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये शेवटचा सौदा बराच आधीचा असू शकतो.

आता जरा जवळून बघू. पूर्ण भाव मागवला की काइट जे देतं त्यात 'क्लोज' नावाचा रकाना असतो. बाजार चालू असताना तो कालचा बंद भाव असतो. दुपारी १२ वाजता 'सुलाचा आजचा क्लोज किती' असं विचारलं तर बाजार अजून बंदच झालेला नाही, असं उत्तर यायला हवं. सहायक तो रकाना वाचून कालचा आकडा आजचा म्हणून सांगू शकतो. दुसरी जोडी याहून फसवी. 'ॲव्हरेज प्राइस' हे नाव दोन ठिकाणी येतं. भावाच्या नोंदीत ते त्या दिवसातल्या सगळ्या सौद्यांचं, उलाढालीच्या वजनाने काढलेलं सरासरी असतं. होल्डिंगच्या नोंदीत तेच नाव तुमच्या खरेदीच्या सरासरी भावासाठी असतं. 'माझ्या बॉशची सरासरी किती आणि आज भाव त्याच्या वर आहे का' अशा प्रश्नाला दोन्ही साधनं लागतात, दोन्ही नोंदी समोर येतात आणि रकान्यांची अदलाबदल व्हायला जागा मिळते. बॉशसारख्या महागड्या शेअरमध्ये ही अदलाबदल नफ्याचा तोटा करून दाखवते. उपाय सोपा आहे: 'माझ्या होल्डिंगमधली खरेदीची सरासरी' असे पूर्ण शब्द वापरा.

आणि बंद भाव म्हणजे ३:३० चा शेवटचा सौदा नव्हे. एनएसई शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचं उलाढालीच्या वजनाचं सरासरी काढून बंद भाव ठरवत आलं आहे. म्हणून साडेतीनच्या ठोक्याला मिळालेला शेवटचा भाव आणि संध्याकाळी मिळालेला बंद भाव वेगळे निघतात. ही चूक कुणाचीच नाही.

ओझर आणि अंबडची दोन उदाहरणं

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. ओझरहून नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं. 'त्या बातमीनंतर एचएएलच्या शेअरचं काय झालं' हा प्रश्न या सोयीसाठी अगदी योग्य आहे, कारण रोजचे भाव आणायचं साधन मागच्या तारखांचेही भाव देतं. १६, १७ आणि २० ऑक्टोबरच्या नोंदी सरळ येतात. मग २१ तारखेची नोंद येते आणि उलाढाल एकदम कमी दिसते. इथे सहायक 'उत्साह ओसरला' असं काहीतरी लिहू शकतो. प्रत्यक्षात त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं आणि बाजार मुहूर्ताच्या सौद्यांसाठी दुपारी १:४५ ते २:४५ एवढाच तासभर उघडा होता. २२ तारखेला पाडव्याची सुटी, म्हणून त्या दिवसाची नोंदच नाही. काइटचा आकडा शंभर टक्के बरोबर आणि त्यावरचं वाक्य चुकीचं, याचा हा स्वच्छ नमुना आहे. तारखांचा पट्टा मागताना 'यात सुटी किंवा विशेष सत्र असेल तर आधी सांग' असं लिहिलं की बहुतेक वेळा हे सावरतं.

याच शेअरमध्ये आणखी एक खाच आहे. २९ सप्टेंबर २०२३ ला एचएएलच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर झाले. त्याआधी घेतलेल्यांच्या कागदावरचा खरेदी भाव आणि आजच्या चार्टवरचा त्या दिवशीचा भाव जुळत नाहीत, कारण चार्ट मागे जाऊन दुरुस्त केलेला असतो. जुनी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती) सहायकाला वाचायला दिली आणि तुलना काइटच्या जुन्या भावांशी करायला सांगितली, तर तो 'तुम्ही दुप्पट भावाने घेतले' असं सांगून मोकळा होतो. विभाजनाची तारीख आणि प्रमाण तुम्हीच सांगा.

सीमेन्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. ७ एप्रिल २०२५ पासून सीमेन्सचा शेअर ऊर्जा व्यवसाय वगळून व्यवहारात आला. तो व्यवसाय सीमेन्स एनर्जी इंडिया या वेगळ्या कंपनीत गेला आणि तिचा शेअर १९ जून २०२५ ला बाजारात नोंदला गेला. मधल्या काळात होल्डिंगमध्ये सीमेन्स मोठ्या तोट्यात दिसत होता, कारण मूल्याचा एक तुकडा निघून गेला होता आणि त्याच्या बदल्यातला शेअर अजून बाजारात आला नव्हता. त्यातच ७ एप्रिल हा अमेरिकी आयातशुल्काच्या भीतीने कोसळलेल्या बाजाराचा दिवस. निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त खाली गेला होता. 'सीमेन्स त्या दिवशी का पडला' असं विचारलं की सहायकाला एक तयार कारण सापडतं आणि तो सगळी घसरण आयातशुल्कावर टाकतो. विलगीकरणाची माहिती काइटच्या भावाच्या नोंदीत नसते. ती कंपनीने एक्स्चेंजला दिलेल्या निवेदनात असते. कुठल्याही शेअरमध्ये एका दिवसात अवाजवी मोठी हालचाल दिसली, तर कारण विचारण्याआधी त्या तारखेला एक्स-डेट (शेअर लाभांश, विभाजन किंवा विलगीकरणाच्या हक्काशिवाय व्यवहारात येण्याचा दिवस) होती का हे एनएसईच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मूळ खरेदी किमतीची दोन शेअरमधली वाटणी कंपनी जाहीर करते, तीच कर भरताना धरायची. सहायकाने भावांवरून काढलेली वाटणी धरायची नाही.

होल्डिंग वाचताना

ही या सोयीची सगळ्यात भक्कम बाजू आहे. 'माझ्या शेअरपैकी कुठल्या उद्योगात किती टक्के पैसा आहे', 'पहिल्या पाच शेअरमध्ये किती रक्कम अडकली आहे', 'फंड आणि शेअर मिळून वाहन उद्योगावर माझी किती मदार आहे' हे प्रश्न काइटच्या पडद्यावर विचारता येत नाहीत. इथे मराठीत विचारता येतात आणि उत्तरही मराठीत येतं. निवृत्त झालेल्या आई-वडिलांचं खातं सांभाळणाऱ्याला एवढ्यासाठीही जोडणी करावीशी वाटेल. आयुष्यभर सातपूरला नोकरी करून तिथल्याच दोन-तीन कंपन्यांचे शेअर जमवलेल्यांच्या खात्यात एकाच उद्योगावर किती भार आहे, हे एका प्रश्नात समोर येतं.

मात्र बेरीज पूर्ण आहे का ते तपासा. आज घेतलेले शेअर होल्डिंगमध्ये नसतात, पोझिशनमध्ये असतात. काल घेतलेले, अजून डिमॅटमध्ये न उतरलेले शेअर टी-वन या वेगळ्या रकान्यात येतात. मार्जिनसाठी तारण ठेवलेल्यांचा रकाना आणखी वेगळा. 'माझ्याकडे सीएटचे एकूण किती शेअर आहेत' याचं बरोबर उत्तर या सगळ्यांची बेरीज आहे. सहायकाने फक्त पहिला रकाना वाचला तर संख्या कमी येते. आणि म्युच्युअल फंडाचं मूल्य लाइव्ह नसतं. फंडाची एनएव्ही (एका युनिटचं मूल्य) दिवसातून एकदाच जाहीर होते, त्यामुळे दुपारी काढलेल्या एकूण संपत्तीत अर्धा आकडा आजचा आणि अर्धा मागच्या दिवसाचा असतो.

सर्वात मोठी उणीव तारखांची आहे, आणि ती काइटच्या रचनेतच आहे. होल्डिंगच्या नोंदीत खरेदीची सरासरी असते, खरेदीची तारीख नसते. ऑर्डर आणि सौद्यांची साधनं फक्त त्या दिवसाचे व्यवहार देतात. म्हणजे दीर्घ मुदतीचा नफा किती, अल्प मुदतीचा किती, वार्षिक परतावा किती टक्के, यांतलं काहीही या जोडणीवरून काढता येत नाही. तरीही विचारलं तर उत्तर मिळतं! सहायक तारखा गृहीत धरतो आणि टक्केवारी दोन दशांशांपर्यंत देतो. त्यावर विसंबून विक्री करू नका. यासाठी झिरोधाच्या कन्सोल या अहवालांच्या संकेतस्थळावरून ट्रेडबुक (जुन्या सौद्यांची यादी) उतरवून घ्या, ती फाइल सहायकाला द्या आणि आधी आलेले शेअर आधी विकले या क्रमाने हिशेब कोड चालवून करायला सांगा. बोनस आणि विभाजनाच्या नोंदी ट्रेडबुकमध्ये नसतात, त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या खरेदीला त्या दिवशीच्या भावाचा जो दिलासा आहे, तो सीएट किंवा बॉशच्या जुन्या शेअरना लागू होऊ शकतो. एचएएलला नाही, कारण तो शेअर बाजारात आलाच मार्च २०१८ मध्ये.

काइटचा आकडा की स्मरणातला

काइट एमसीपीमध्ये कंपनीचे निकाल, पीई (भाव आणि प्रति शेअर नफा यांचं गुणोत्तर), कर्ज, प्रवर्तकांचा हिस्सा यांतलं काही नाही. कर नाहीत, एक्स्चेंजचे नियम नाहीत. तुमच्या प्रश्नात यांपैकी काही आलं की सहायक इंटरनेटवर शोधतो किंवा शिकवणीच्या वेळी वाचलेलं आठवून सांगतो, आणि ते काइटच्या ताज्या आकड्याशेजारी एकाच वाक्यात, एकाच सुरात बसवतो. धोका याचा आहे. कराचंच घ्या. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के आणि दीर्घ मुदतीच्या १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. जुन्या लिखाणात १५ टक्के, १० टक्के आणि १ लाख हेच आकडे ठासून भरलेले आहेत, म्हणून ते पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात. ऑप्शनवाल्यांसाठी तसंच: निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस) १ सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी होते, आणि बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाली. गुरुवार धरून काढलेलं प्रीमियमचं गणित काय कामाचं? ग्रीक्सही (ऑप्शनचा भाव कशाने किती हलेल ते दाखवणारे आकडे) काइट देत नाही; सहायक ते सूत्राने काढतो आणि व्याजदर स्वतःच्या मनाने धरतो.

प्रत्येक गप्पेच्या सुरुवातीला, किंवा प्रोजेक्टच्या सूचनांमध्ये कायमचा, हा मजकूर टाकून ठेवा:

'प्रत्येक आकड्यापुढे लिही: काइट, शोध, स्मरण की गणित. काइटचा असेल तर साधनाचं नाव आणि सौद्याची तारीख-वेळ दे. स्मरणातला आकडा हिशेबात वापरू नकोस, आधी मला विचार. बेरीज आणि टक्केवारी कोड चालवून काढ. साधनाने आकडा दिला नाही तर तसं सांग, अंदाज देऊ नकोस.'

याने सगळं निर्धोक होत नाही. लांबलेल्या गप्पेत सहायक ही सूचना सैल धरतो. तेव्हा नवी गप्पा उघडा. पण 'स्मरण' असा शिक्का बसलेला आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की तो कुठे तपासायचा हे तुम्हाला आपोआप कळतं. प्रवर्तकांचा हिस्सा तिमाही संपल्यावर २१ दिवसांत एक्स्चेंजला कळवावा लागतो, निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत. मूळ कागद एनएसईच्या पानावर मोफत आहेत, तिथलीच पीडीएफ सहायकाला वाचायला द्या.

किती मागायचं

एका दिवसात १ मिनिटाच्या ३७५ मेणबत्त्या (तेवढ्या वेळातल्या भावाच्या नोंदी) होतात, ५ मिनिटांच्या ७५. काइट १ मिनिटाचा डेटा एका वेळी ६० दिवसांपर्यंत देतं, ५ मिनिटांचा १०० दिवसांपर्यंत, रोजचा २००० दिवसांपर्यंत. म्हणून मागता येतं याचा अर्थ मागावं असा नाही. २० दिवसांचा मिनिटाचा डेटा म्हणजे ७५०० ओळी. त्या सगळ्या गप्पेत उतरतात, सहायकाची मर्यादा तिथेच भरते आणि पुढे तो मधल्या ओळी न वाचता निष्कर्ष काढू लागतो. वर्षभराचा कल बघायला रोजच्या सुमारे २५० नोंदी पुरतात. मराठीत लिहिताना मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर भरते, कारण देवनागरी मजकुराला जास्त टोकन (सहायक मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) लागतात. मोफत योजना वापरणाऱ्यांनी मोठी तपासणी सुरू करण्याआधी हे लक्षात घ्यावं. पन्नास शेअरचे भाव हवे असतील तर एकाच प्रश्नात सगळी नावं द्या. एकेक मागत बसलात तर वेळही जातो आणि काइटची मर्यादाही आड येते. पूर्ण भावासाठी ती सेकंदाला एक विनंती अशी आहे, आणि एका विनंतीत ५०० इन्स्ट्रुमेंट बसतात.

खात्याची सुरक्षितता

झिरोधाने चालवलेल्या या सर्व्हरवरून ऑर्डर टाकता, बदलता किंवा रद्द करता येत नाही. फक्त वाचन. हा निर्णय आम्हाला पूर्ण पटतो आणि नवख्या माणसाला ही सोय सुचवता येते ती याच्याच जोरावर. राहतो प्रश्न गोपनीयतेचा. तुमची होल्डिंग आणि शिल्लक एआय कंपनीच्या सर्व्हरवर जाते. गप्पांवरून मॉडेल शिकवण्याची परवानगी सेटिंगमध्ये असते, ती आधी बंद करा. साधन वापरू का असं विचारणारी खिडकी येते तेव्हा 'नेहमी परवानगी' न देता निदान सुरुवातीला 'एकदाच' द्या, म्हणजे कोणत्या प्रश्नाला काय वाचलं जातं ते कळतं. सायबर कॅफेत किंवा सब-ब्रोकरच्या कार्यालयातल्या सामायिक संगणकावर लॉगिन नको. व्हॉट्सॲप गटात कुणी 'याहून भारी' सर्व्हरचा पत्ता दिला तर तो जोडू नका. अनोळखी सर्व्हर साधनाच्या वर्णनातच सहायकासाठी लपवलेल्या सूचना ठेवू शकतो.

झिरोधात खातं नसेल तर? अपस्टॉक्सनेही अशीच वाचनापुरती जोडणी दिली आहे, जोडण्याची पद्धत जवळपास सारखीच. डिमॅटशिवाय फक्त भाव हवे असतील तर अल्फा व्हँटेजच्या मोफत चावीवर दिवसाला २५ विनंत्या मिळतात. अभ्यासाला ठीक, रोजच्या वापराला अपुऱ्या. याहूवरून भाव ओढणारी मोफत लायब्ररी लोकप्रिय आहे, पण ती अधिकृत नाही आणि मध्येच अडते. लासलगाव किंवा पिंपळगावच्या कांद्याचा भाव मात्र यांतल्या कुठल्याच जोडणीतून येणार नाही, तो बाजार समितीचा लिलाव आहे. तरीही विचारलात तर सहायक एखाद्या जुन्या बातमीतला आकडा देईल.

ज्यांना कोड लिहिता येतो आणि ऑर्डरही सहायकाकडूनच टाकायच्या आहेत, त्यांच्यासाठी झिरोधाने सर्व्हरचा गो भाषेतला कोड गिटहबवर खुला ठेवला आहे. तो स्वतःच्या संगणकावर चालवला की ऑर्डरची साधनंही उपलब्ध होतात. त्यासाठी काइट कनेक्टची, म्हणजे प्रोग्राममधून काइट वापरायच्या सेवेची, चावी लागते. भावांसह ती महिना ५०० रुपयांना आहे, मोफत वैयक्तिक चावीत भाव येत नाहीत. ऑर्डरची साधनं नावाने वगळायची सोय कॉन्फिगमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरा आणि गरज पडली तरच एकेक साधन उघडा. भाव मागवायचा स्वतःचा कोड लिहिलात तर महिंद्राच्या चिन्हातला '&' पत्त्यात जाण्याआधी एन्कोड करा, नाहीतर विनंती तिथेच तुटते आणि उत्तर रिकामं येतं. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार एपीआयवरून (म्हणजे ॲपऐवजी प्रोग्राममधून) ऑर्डर टाकायला ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा न बदलणारा क्रमांक) लागतो. घरच्या ब्रॉडबँडवर तो सहसा नसतो. तुमच्या इंटरनेटवाल्याला विचारून वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, किंवा स्थिर पत्त्याचा छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत वाचनापुरता सर्व्हर वापरा आणि ऑर्डर काइट ॲपमध्ये स्वतःच्या हाताने टाका.